कच्चा टाका

कुरिअरवाल्याने गोडोलीच्या चढावर
साडेसहा फुटांचा खोका खांद्यावरून उतरवला
आणि विचारलं, "मावशी, पडद्याचे रॉड का?"
म्हटलं, "नाही, स्कर्ट."
तो हसला नाही. सही घेऊन गेला.

सत्यजितची गाडी गेल्या दिवाळीत फलटणहून आली.
लाल, दोनच दारांची, तिसऱ्या मालकाची.
तिच्यात बसता येत नाही, उतरावं लागतं,
पायऱ्या नसलेल्या विहिरीत उतरावं तसं.
एमआयडीसीतल्या तीन वर्षांच्या नाइट शिफ्ट त्यात गेल्या.
आता तिला खालून काळी किनार हवी होती:
दोन्ही बाजूंना स्कर्ट, पुढे एक ओठ.
ओठच म्हणतात म्हणे त्याला.

रविवारी त्याने माझ्याकडून मलमलचा तुकडा मागितला
आणि स्पिरिटने तिची कूस पुसत बसला.
अंगणभर दवाखान्याचा वास.
मग पाणसळ ठेवली. बुडबुडा एका कडेला पळाला.
अरे, साताऱ्यात बुडबुडा मध्ये येत नसतो.
किल्ल्याखालचं प्रत्येक घर थोडं उताराकडे बघतं,
आमच्या परातीतलं पाणीसुद्धा एकाच बाजूला जमतं.

उजवी बाजू बसली. अशी बसली
की त्याने शिट्टी मारली.
डावी बसेना.
मागच्या चाकापाशी टेकवली की पुढे फट,
पुढे दाबली की मागे.
त्याने कंपनीला शिव्या घातल्या, मग खोक्याला,
मग ड्रिल उचललं.

मी ओट्यावर शेडगे वहिनींच्या ब्लाउजला हुक लावत होते.
दोरा दातांत तसाच ठेवून म्हटलं,
थांब.

एकतीस वर्षं पाठी मोजल्यात मी.
दोन्ही खांदे सारखे असलेली बाई
अजून या दारात आलेली नाही.
शाळेतल्या बाईंचा उजवा, पेपरांच्या गठ्ठ्यांनी.
बँकेतल्या मॅडमचा डावा, पर्सने.
एकीचा कशाने उतरला ते विचारलं नाही,
पाव इंच आत घेतलं आणि दिलं.

माझा पिवळा टेप आणला. दाराखालची कडा मोजली,
मग पलीकडची.
मग टेप गळ्यात टाकून नुसतं बोट फिरवलं.
शिवण डोळ्यांआधी बोटाला कळते.
रंगाखाली एक जाड जागा होती,
उसवून पुन्हा घातलेली.

"हिला कुणीतरी डावीकडून ठोकलंय."

तो बराच वेळ बोलला नाही.
फलटणवाल्याने शपथ घेतली होती, आईची.
"फोन करू का त्याला?"
कर. पण आधी हे बसवू.

"चार मिलीमीटर," तो म्हणाला.
"सव्वा सूत," मी म्हणाले.
चॉकने खुणा केल्या,
त्याच्या निळ्या कागदी पट्टीने कच्चा टाका घातला,
मधून सुरुवात केली, कडेने नाही.
फट अर्धी पुढे वाटली, अर्धी मागे,
म्हणजे कुणाच्याच डोळ्यांत भरायला नको.
ड्रिल चालवू दिलं, पण खालून, अस्तराच्या बाजूने.
शेजारच्या मुक्ताचा हेअर ड्रायर आणून
त्याने चिकटपट्टी गरम केली,
लाल कागद सोलत तो पुढे
आणि अंगठ्याने दाबत मी मागून.
चोवीस तास पाणी नाही, हात नाही.

संध्याकाळी शेडगे वहिनी आल्या.
वाकून बघितलं. "अगंबाई, गाडीला काठ!"
मग सरळ होत, "आणि माझा ब्लाउज?"
म्हटलं, दोन हुक राहिलेत.
खरं तर चार राहिले होते.
अंगठा चिकट झालेला, सुई धरवत नव्हती.

अंधार पडला तरी तो गाडीभोवती फिरत होता,
डावीकडे जरा जास्त वेळ थांबत.
फोन केला की नाही, मी विचारलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेचा गतिरोधक आहे.
तो आम्ही अजून मोजलेला नाही.